डोळ्यांना काळी, रसायनाला फिकट

२८ मार्च २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने इलेक्ट्रॉनिक घटकांच्या देशांतर्गत उत्पादनासाठी २२,९१९ कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. ज्या घटकांना या योजनेचा आधार मिळणार आहे, त्यांत बहुस्तरीय मुद्रित परिपथ फलक, म्हणजे रोजच्या बोलण्यातला पीसीबी, हाही आहे. बातम्यांमध्ये चर्चा झाली ती गुंतवणुकीची, रोजगाराची आणि आयात कमी होण्याची. ‘मुद्रित’ या विशेषणाकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. विजेच्या तारांचे जाळे छापले जाते म्हणजे नेमके काय होते, आणि छापखान्याचे तंत्र रेडिओच्या पेटीत कसे शिरले, हा इतिहास मोठ्या कारखान्यांपेक्षा घरच्या टेबलावर अधिक स्पष्ट दिसतो. अपयशाच्या वेळी तर तो फारच स्पष्ट दिसतो.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्यातली पासोड्या विठोबाजवळची दुकाने, दिल्लीचे लजपतराय मार्केट, बंगळूरचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, यांपैकी कुठेही तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेली फायबरग्लासची पाटी विकत मिळते. फेरिक क्लोराइड मिळते. प्रकाशाला संवेदनशील असलेली निळसर ड्राय फिल्म मिळते. अभियांत्रिकीचा एखादा विद्यार्थी हे सारे घरी आणतो, संगणकावर आखलेला परिपथ इंकजेट प्रिंटरवर पारदर्शक फिल्मवर छापतो आणि ती ट्रान्सपरन्सी खोलीतल्या दिव्यासमोर धरून पाहतो. शाई काळीभोर दिसते. तो निर्धास्तपणे ती पाटीवर ठेवतो, वर काच दाबतो, अतिनील दिव्याखाली पाच मिनिटे ठेवतो. मग धुण्याच्या सोड्याच्या पातळ द्रावणात पाटी बुडवली, की दोन रेषांमधली जी जागा स्वच्छ व्हायला हवी होती, तिथे फिल्मचा निळसर ओशट थर तसाच चिकटून राहतो. तांबे कोरल्यावर शेजारशेजारचे ट्रॅक एकमेकांना जोडलेले निघतात.

पहिला संशय सोड्यावर येतो, दुसरा दिव्यावर. खरा अपराधी बहुधा शाई असतो. ती डोळ्यांना काळी आहे, पण फिल्मला तशी दिसत नाही. डोळ्यांचा काळा आणि रसायनाचा काळा हे दोन वेगळे काळे आहेत, हे जाणायला छपाईच्या कारागिरांना दोनशे वर्षांपूर्वीपासून पुनःपुन्हा किंमत मोजावी लागली आहे.

या कथेचा आरंभ फ्रान्समधल्या एका खेड्यात होतो. जगातील सर्वांत जुने शिल्लक छायाचित्र घेणारा म्हणून निसेफोर निएप्सचे नाव प्रत्येक पाठ्यपुस्तकात येते. मात्र खिडकीतून दिसणाऱ्या छपरांच्या त्या धूसर चित्रासाठी त्याने वापरलेली पद्धत त्याने आधी दुसऱ्याच कामावर घासूनपुसून घेतली होती. ज्यूडियाचा डामर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डांबरी पदार्थावर ऊन पडले की तो कठीण होतो आणि मग तेलात विरघळत नाही, हे त्याच्या ध्यानात आले होते. १८२६ साली त्याने कार्डिनल द आंब्वाझ यांचे सतराव्या शतकातले एक छापील चित्र घेतले. कागद अपारदर्शक असल्याने ऊन आरपार जाईना, म्हणून त्याने कागदाला तेल पाजून तो पारदर्शक केला. डामराचा लेप दिलेल्या प्यूटरच्या पत्र्यावर तो कागद पसरला आणि पत्रा उन्हात ठेवला. कोऱ्या कागदाखालचा डामर कठीण झाला. शाईच्या रेघांखालचा मऊच राहिला. लव्हेंडरच्या तेलाने मऊ डामर धुऊन काढला, उघड्या पडलेल्या धातूवर आम्ल सोडले आणि रेघा पत्र्यात कोरल्या गेल्या. पुढे पॅरिसमधल्या एका खोदकाराने त्या पत्र्यावरून छाप काढले.

डामराच्या जागी ड्राय फिल्म, लव्हेंडरच्या तेलाऐवजी सोड्याचे पाणी आणि प्यूटरऐवजी तांबे असा बदल केला, की विद्यार्थ्याच्या टेबलावरची कृती तयार होते. तेल पाजलेला कागद ही जगातली पहिली ट्रान्सपरन्सी. साध्या कागदावर छापून त्याला खाण्याचे तेल चोळणारे हौशी लोक आजही आहेत. आपण कोणाचा कित्ता गिरवतो आहोत, याची कल्पना त्यांतल्या थोड्यांनाच असते.

डामर मंद होता. त्याला कित्येक तासांचे ऊन लागे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्याची जागा बायक्रोमेट मिसळलेल्या जिलेटिनने घेतली. स्कॉटलंडचा मंगो पॉन्टन याने १८३९ मध्ये बायक्रोमेटचा प्रकाशाला मिळणारा प्रतिसाद पाहिला होता. इंग्लंडच्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबटने १८५२ मध्ये, बायक्रोमेट घातलेले जिलेटिन उजेडाने घट्ट होते या गुणावर खोदकामाची पद्धत उभी केली. पत्र्यावर झाडाची पाने आणि जाळीदार कापड ठेवून त्याने त्यांच्या सावल्या धातूत कोरल्या. १८५८ सालच्या सुधारित पद्धतीत धातू खाण्यासाठी त्याने फेरिक क्लोराइड वापरले. ज्या तपकिरी द्रावणाचे डाग आज घरोघरच्या मोरीत आणि कपड्यांवर पडतात, ते या कामाला इतके जुने आहे.

भारतात हे तंत्र आले ते नकाशांच्या निमित्ताने. सर्व्हे ऑफ इंडियाला प्रचंड संख्येने नकाशे छापायचे होते, आणि प्रत्येक नकाशा दगडावर हाताने उतरवत बसणे परवडणारे नव्हते. मूळ नकाशाचे छायाचित्र घेऊन ते जिलेटिनच्या साहाय्याने जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचे, या पद्धतीला फोटोझिंकोग्राफी म्हणत. कोलकात्यातल्या सर्व्हेच्या कार्यालयात जेम्स वॉटरहाऊस या अधिकाऱ्याने कित्येक वर्षे छायाचित्रण विभाग सांभाळला आणि ही पद्धत तिथे रुजवली. पुण्याच्या शासकीय फोटोझिंको मुद्रणालयाच्या नावात त्याच जस्ताच्या पत्र्याची खूण उरली आहे. नावातला ‘झिंको’ कशाचा, असा प्रश्न पडलेल्या पुणेकरांना हे उत्तर कामी यावे.

वॉटरहाऊसची गाठ ज्या अडचणीशी पडली, ती आजच्या विद्यार्थ्याच्या अडचणीची थोरली बहीण होती. त्या काळच्या छायाचित्रण-काचा केवळ निळ्या, जांभळ्या आणि अतिनील प्रकाशाला प्रतिसाद देत. त्यामुळे नकाशावरची निळी रेघ कोऱ्या कागदाइतकीच उजळ येऊन छायाचित्रातून नाहीशी होई, तर पिवळी किंवा तांबडी रेघ थेट काळी उमटे. नदी निळ्या शाईने काढली तर नकाशातून नदीच वाहून जायची. डोळ्यांना दिसणारा नकाशा आणि काचेला दिसणारा नकाशा हे दोन निराळे दस्तऐवज होते. जर्मनीच्या हेरमान फोगेलने १८७३ मध्ये काचांच्या लेपात रंगद्रव्ये घालून ही मर्यादा ओलांडण्याचा मार्ग दाखवला. त्याच्या पाठोपाठ वॉटरहाऊसने इओसीन या रंगद्रव्याने काचा हिरव्या प्रकाशालाही संवेदनशील होतात, हे दाखवून दिले. भारतातल्या एका सरकारी नकाशा-कार्यालयात झालेले हे काम रंगसंवेदी छायाचित्रणाच्या इतिहासात मानाने नोंदले जाते. आपल्याकडच्या विज्ञानाच्या इतिहासात त्याचा उल्लेख क्वचितच होतो.

तोपर्यंत या साऱ्या खटपटीचा विजेशी काहीच संबंध नव्हता. तो जोडला पाउल आइस्लरने. १९०७ साली व्हिएन्नात जन्मलेला हा ज्यू अभियंता १९३० मध्ये पदवीधर झाला. रेडिओविषयीच्या एका नियतकालिकात काम करताना छपाईच्या तंत्राशी त्याची जवळून ओळख झाली. ऑस्ट्रियातले वातावरण बिघडू लागल्यावर १९३६ मध्ये तो लंडनला आला. त्या काळी रेडिओच्या आत हाताने जोडलेल्या तारांचा गुंताडा असे. प्रत्येक तार कापायची, सोलायची, वळवायची आणि डाख द्यायचा. एक चुकली की पेटी मुकी. लंडनमधल्या भाड्याच्या जागेत आइस्लरने छापील परिपथाचा रेडिओ तयार केला आणि प्लेसी या मोठ्या कंपनीला दाखवला. कंपनीने नकार दिला. कारण पुढे त्यानेच आपल्या आठवणींत नोंदवले आहे: हे काम मुली करतात, त्या स्वस्त पडतात आणि हव्या त्या कामाला लावता येतात. यंत्राची स्पर्धा माणसाशी नव्हती, माणसाच्या कमी मजुरीशी होती. ज्या देशांत श्रम स्वस्त आहेत, तिथे नवे तंत्र उशिरा का पोचते, याचे याहून उघड उत्तर शोधायला नको.

महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटनने ‘शत्रुराष्ट्राचा नागरिक’ म्हणून आइस्लरला काही काळ स्थानबद्ध केले. सुटल्यावर त्याला आश्रय मिळाला तो हेंडरसन अँड स्पॉल्डिंग या लंडनच्या शिळाछाप मुद्रकांकडे. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्याने नाकारलेली कल्पना छापखान्याने स्वीकारली, यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. विद्युतरोधक पाटीवर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवायचा, त्यावर आम्लरोधक शाईने परिपथ छापायचा आणि उरलेले तांबे खाऊन टाकायचे, हे मुद्रकाच्या दृष्टीने एका ठशाचेच काम होते. १९४३ मध्ये आइस्लरने त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे अमेरिकेत त्याच्या कंपनीला पेटंटसाठी न्यायालयात भांडावे लागले आणि १९६३ च्या निकालात ती हरली. जगभरच्या उपकरणांत ज्याची कल्पना नांदते आहे, त्या माणसाच्या हाती तिच्या मानाने फार थोडे लागले. १९९२ मध्ये तो लंडनमध्ये वारला.

युद्धकाळात अमेरिकेत हेच ध्येय वेगळ्या वाटेने गाठले जात होते. लक्ष्याच्या जवळ येताच आपोआप फुटणाऱ्या तोफगोळ्याच्या टोकात एक छोटा रेडिओ बसवावा लागे, आणि तोफेतून सुटतानाचा हादरा त्याने सोसायला हवा होता. उखळी तोफांच्या गोळ्यांसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने चिनीमातीच्या पट्टीवर रेशमी जाळीतून चांदीयुक्त शाई छापून परिपथ बनवण्याचे तंत्र विकसित करून घेतले. युद्धानंतर, १९४७ मध्ये, त्या संस्थेने मुद्रित परिपथांच्या पद्धतींवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली, आणि युद्धातले गुपित नागरी उद्योगाच्या हाती आले. पुढे याच संस्थेच्या शस्त्रविभागातून वेगळ्या झालेल्या प्रयोगशाळेत जे लॅथ्रॉप आणि जेम्स नॉल यांनी १९५७ च्या सुमारास एक युक्ती केली. लहान वस्तू मोठी दाखवणारा सूक्ष्मदर्शक त्यांनी उलटा वापरला. मोठ्या आकृतीची चिमुकली प्रतिमा त्यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर पाडली. प्रकाशसंवेदी लेप म्हणून त्यांनी घेतले कोडॅकचे फोटोरेझिस्ट, जे मुळात छपाईचे पत्रे बनवण्याच्या गरजेतून आले होते. या पद्धतीला त्यांनी नाव दिले फोटोलिथोग्राफी. आज जगातली प्रत्येक चिप याच नावाच्या प्रक्रियेतून निघते.

फोटोरेझिस्टचे दुसरे घराणे जर्मनीचे, आणि भारतीय अभियंत्यांच्या जुन्या पिढीला ते नकळत परिचित आहे. बांधकाम खात्यात किंवा कारखान्यात नोकरी केलेल्यांना ‘अमोनिया प्रिंट’ आठवेल: ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईने काढलेला आराखडा डायझोच्या कागदावर ठेवून उजेड द्यायचा आणि अमोनियाच्या वाफेत प्रत उमटवायची. खोलीभर पसरणाऱ्या त्या झोंबऱ्या वासाशिवाय आराखडा पुढे सरकत नसे. या डायझो कागदावर विसबाडेनजवळच्या काल्ले या कंपनीने दीर्घकाळ काम केले होते. तिथल्याच ऑस्कर ज्यूसने छपाईच्या पत्र्यांसाठी योग्य डायझो संयुगांचा शोध घेतला. त्यातून असे रेझिस्ट निघाले, की ज्यावर उजेड पडला तोच भाग धुऊन जातो आणि सावलीतला टिकतो. याला पॉझिटिव्ह रेझिस्ट म्हणतात. चिपनिर्मितीत कित्येक दशके याच कुळाचे राज्य होते. चिपची वंशावळ अशी अमोनिया प्रिंटच्या अंधाऱ्या खोलीतून जाते.

रेझिस्ट हाती आले, तरी सावली पाडणारी आकृती काढायची कशी, हा प्रश्न उरतोच. आणि इथे डोळ्यांचा आणि रसायनाचा काळा यांची गंमत उलट्या बाजूने समोर येते. १९७१ मध्ये बाजारात आलेल्या इंटेल ४००४ या सूक्ष्मप्रक्रियकाच्या आकृत्या रुबीलिथ नावाच्या फिल्मवर सुरीने कापून तयार केल्या होत्या. पारदर्शक पॉलिएस्टरवर लाल रंगाचा एक पातळ पापुद्रा असतो. नको तिथला पापुद्रा कापून सोलून काढायचा. ही लाल फिल्म डोळ्यांना आरपार दिसते, खालची आखणी वाचता येते, त्यामुळे कापणाऱ्याचे काम सोपे होते. निळ्या आणि अतिनील प्रकाशाला मात्र ती भिंतीसारखी अडवते. डोळ्यांना पारदर्शक, रसायनाला काळीकुट्ट. इंकजेटची फसवी शाई याच्या नेमकी उलट वागते.

भारतातले हौशी तंत्रज्ञ या सगळ्या पायऱ्या दुरून पाहत होते. १९६९ मध्ये दिल्लीहून ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हे मासिक सुरू झाले. पुढे ‘इलेक्टर’ची भारतीय आवृत्ती मुंबईहून निघू लागली. या मासिकांत प्रकल्पाबरोबर पीसीबीची आकृती प्रत्यक्ष आकारात छापलेली असे. ती कार्बन पेपरने तांब्यावर उतरवायची आणि रंगाने किंवा नेलपॉलिशने गिरवायची, ही गरिबाची पद्धत. ज्यांना थोडे अधिक परवडे, ते दुप्पट किंवा चौपट आकारात काळ्या चिकटपट्ट्यांनी आखणी करत आणि छपाईच्या ठशांचे कॅमेरे असलेल्या दुकानातून तिची लहान लिथ फिल्म करून घेत. लिथ फिल्मचा काळा हा चांदीच्या दाट कणांचा काळा. त्यातून दहा हजारांतला एखादा भागही प्रकाश जाणे कठीण. छोटे उत्पादक स्क्रीन प्रिंटिंगकडे वळले. लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानात जाळीवर बायक्रोमेटचा लेप देऊन ती गच्चीवरच्या उन्हात तापवत. त्याच जाळीतून, त्याच गल्लीत, एलिमिनेटरचे आणि रेडिओ किटचे बोर्डही छापले जात. टॅलबटचे जिलेटिन आणि निएप्सचे ऊन दोन्ही तिथे हजर होते.

मोठ्या पातळीवर, मोहालीचे सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स १९७६ मध्ये स्थापन झाले आणि १९८४ मध्ये तिथे उत्पादन सुरू झाले. ५ मायक्रॉनच्या तंत्रापासून सुरुवात करून त्याने वेगाने मजल मारली. फेब्रुवारी १९८९ मधल्या आगीने ती तोडली. त्या दशकात मागे पडलेले अंतर देश अजून कापतो आहे.

इंकजेट या कथेत शिरतो तो एका डाख देण्याच्या बंबाचे बोट धरून. १९७७ मध्ये जपानमध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो या संशोधकाच्या टेबलावरची तापलेली सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली, आणि सुईतून शाईचा थेंब उडाला. उष्णतेने शाईत बुडबुडा तयार होतो आणि तो शाई बाहेर ढकलतो, हे तत्त्व त्यातून हाती आले. त्याच सुमारास अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्डचे लोकही स्वतंत्रपणे याच तत्त्वावर येऊन ठेपले होते. त्यांचा थिंकजेट १९८४ मध्ये आला; तो इंचाला ९६ ठिपके छापी. १९८८ च्या डेस्कजेटने ही संख्या ३०० वर नेली. दोन ठिपक्यांमधले अंतर आता ०.०८५ मिलिमीटर झाले होते, आणि पाव मिलिमीटर रुंदीचा ट्रॅक घरच्या प्रिंटरच्या आवाक्यात आला. शाई तापवणारे ते सूक्ष्म रोधक स्वतः फोटोलिथोग्राफीनेच बनवलेले असतात. अंड्यातून कोंबडी यावी, तशी रेझिस्टमधून रेझिस्टची सावली पाडणारी शाई आली.

याच काळात महाविद्यालयांत ओव्हरहेड प्रोजेक्टरचा वापर वाढला, त्यामुळे इंकजेटसाठीच्या पारदर्शक फिल्मही बाजारात आल्या. ही फिल्म साधी प्लास्टिकची नसते. साधारण ०.१ मिलिमीटर जाडीच्या पॉलिएस्टरवर एका बाजूने पाणी शोषणाऱ्या बहुवारिकाचा लेप असतो. बोटाला ती बाजू किंचित खरखरीत लागते. लेप नसलेल्या गुळगुळीत बाजूवर किंवा झेरॉक्ससाठीच्या फिल्मवर छापले, तर शाई अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखी थेंबाथेंबांनी गोळा होते आणि वाळतच नाही. पुष्कळांचा पहिला प्रयत्न इथेच वाया जातो.

बरोबर बाजूवर छापूनही पंचाईत उरते, ती शाईच्या घडणीत. काही प्रिंटरच्या काळ्या शाईत काजळीचे, म्हणजे कार्बनचे, सूक्ष्म कण असतात. कार्बन दृश्य आणि अतिनील दोन्ही प्रकाश गिळतो. काही शायांत विरघळलेले रंगद्रव्य असते. ते डोळ्यांना दिसणारा प्रकाश अडवण्यासाठी निवडलेले असते. रेझिस्ट ज्यावर जगते, त्या ३५० ते ४२० नॅनोमीटरच्या पट्ट्यात ते कितपत अडवते, याची फिकीर शाई बनवणाऱ्याने करण्याचे कारण नव्हते. प्रिंटरने काळा रंग निळा, गुलाबी आणि पिवळा मिसळून काढला, तर परिस्थिती बहुधा आणखी बिघडते. म्हणून छापताना केवळ काळे काडतूस वापरायचे आणि फिल्मचा योग्य प्रकार निवडून शाई जास्तीत जास्त सोडायची, हा अनुभवातून आलेला नियम आहे.

हिशेब केला की हे सारे लख्ख होते. मुद्रक अपारदर्शकता ‘घनता’ या मापाने मोजतात. घनता १ असेल तर दहावा भाग प्रकाश आरपार जातो, २ असेल तर शंभरावा, ३ असेल तर हजारावा. समजा, अतिनील प्रकाशात शाईची घनता १.५ आहे. तिच्यातून सुमारे ३.२ टक्के प्रकाश गळतो. पाच मिनिटांच्या, म्हणजे ३०० सेकंदांच्या, प्रकाशनात ‘सावलीतल्या’ फिल्मलाही साडेनऊ सेकंदांचा पुरा उजेड मिळून जातो. ड्राय फिल्मला घट्ट व्हायला तेवढी सुरुवात पुरते. निळसर थर उरतो तो यामुळे. त्याच आकृतीच्या दोन प्रती एकमेकींवर नेमक्या जुळवून ठेवल्या, तर घनतांची बेरीज होते: ३. गळणारा प्रकाश हजारावा भाग, म्हणजे पाच मिनिटांत अवघा ०.३ सेकंद. एका रुपयाचाही नवा दिवा न आणता शाई दहापट नव्हे, तीसपट काळी होते.

दुसरी चूक भूमितीची. फिल्मची छापील बाजू वर राहिली, तर शाई आणि तांबे यांच्यात पॉलिएस्टरची सगळी जाडी येते. तिरपा येणारा प्रकाश त्या फटीतून रेषेच्या कडेखाली शिरतो आणि कड काही शतांश मिलिमीटरने सरकते. पाव मिलिमीटरच्या ट्रॅकला दोन्ही बाजूंनी हे झाले, की तो सहज लक्षात येण्याइतका बारीक किंवा जाड होतो. म्हणून आकृती आरशातल्यासारखी उलटी छापतात आणि शाईची बाजू रेझिस्टला टेकवतात. शिळाछापाच्या काळापासून मुद्रकाला उलटे वाचायची सवय होती ती यामुळेच. विद्यार्थी ती विसरतो आणि पाय उलट्या क्रमाने असलेली आयसी हातात घेऊन बसतो.

प्रकाशनाचा योग्य वेळ कुठल्याही पुस्तकात सापडत नाही, कारण दिवा, काच, फिल्म आणि शाई प्रत्येकाची वेगळी. तो पट्टी टाकून काढावा लागतो. बोर्डाच्या एका तुकड्यावर आकृती ठेवायची, पुठ्ठ्याने झाकायचे आणि दर तीस सेकंदांनी पुठ्ठा थोडा थोडा मागे सरकवायचा. धुतल्यावर एकाच पट्टीवर अर्ध्या मिनिटापासून पाच मिनिटांपर्यंतचे सारे निकाल शेजारीशेजारी दिसतात. छायाचित्रकार अंधारखोलीत हेच करत. उरलेल्या द्रावणाची मात्र काळजी घ्यावी लागते: तांबे खाऊन हिरवट झालेले फेरिक क्लोराइड जलचरांना घातक असते, ते मोरीत ओतण्याची वस्तू नाही.

आज हे सारे करण्याची गरज कमी होत चालली आहे. आकृतीची फाइल पाठवली की थोड्या दिवसांत हिरव्या लेपाचे, छिद्रे पाडलेले सुबक बोर्ड घरपोच येतात. प्रोजेक्टर गेले, तशा इंकजेटच्या ट्रान्सपरन्सीही दुकानांतून दुर्मीळ झाल्या. सोयीच्या दृष्टीने तक्रार करण्यासारखे यात काही नाही. तोटा असलाच तर तो शिकण्यात आहे. ज्याने एकदा गळणाऱ्या शाईशी झुंज घेतली, त्याला चिपच्या कारखान्यातला मास्क म्हणजे काय हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीतल्या सेमिकॉन इंडिया परिषदेत पंतप्रधानांना सुपूर्त करण्यात आलेला ‘विक्रम ३२०१’ हा अंतराळ-प्रक्षेपकांसाठीचा ३२-बिट प्रक्रियक मोहालीच्याच प्रयोगशाळेत, १८० नॅनोमीटरच्या तंत्राने घडला आहे. अशा कामात सावली पाडते ती क्वार्ट्झच्या काचेवरची क्रोमियमची आकृती. घरच्या ०.२ मिलिमीटरच्या ट्रॅकपेक्षा तिथली रेघ हजारपटीहून अधिक बारीक असते. प्रश्न मात्र तोच असतो, की काळे किती काळे आहे आणि कड किती सरळ आहे.

त्याही पुढे, जगातल्या अत्यंत प्रगत कारखान्यांत १३.५ नॅनोमीटरचा अतिदूरचा अतिनील प्रकाश वापरतात. या प्रकाशाला काच काळी आहे, क्वार्ट्झ काळे आहे, हवासुद्धा काळी आहे. त्यामुळे सारे यंत्र निर्वात पोकळीत ठेवावे लागते आणि तिथला मास्क पारदर्शक नसतो, आरसा असतो. निएप्सने कागदाला तेल पाजले तेव्हापासून चालत आलेली ट्रान्सपरन्सी तिथे प्रथमच निरुपयोगी ठरते.

विद्यार्थ्याच्या टेबलावर ती अजून चालते. दोन फिल्म भिंगाखाली जुळवून कडेला चिकटपट्टी लावली, शाईची बाजू खाली ठेवली आणि पट्टीवरून काढलेल्या वेळेइतकाच दिवा लावला, तर सोड्याच्या पाण्यात पाटी हलवताना दीड-दोन मिनिटांत रेषांमधला निळा थर सुटू लागतो आणि खालून तांबे चमकते.